काळी माती, बोअरचं खारं पाणी: उन्हाळी फुलझाडं कोणती लावावीत?

मिरज_परसबाग: घरापुढं १०×१२ फूट जागा, दिवसभर ऊन. काळी चिकण माती, वाळली की भेगा. बोअरच्या पाण्यानं कुंड्यांना पांढरा थर चढतो. पाडव्याच्या आत लावून पावसाळ्यापर्यंत फुलं देईल असं काय? शिवाय दोन जुने मोगरे आहेत. पाला दणकट, कळीचा पत्ता नाही.

कृष्णाकाठ: आधी पाण्याचं बघा. रोज थोडंथोडं शिंपडलं की पाणी उडून जातं आणि क्षार वरच्या दोन इंचांत, कोवळ्या मुळांपाशीच साचतात. तीन-चार दिवसांनी एकदाच, पण बुडाशी भरपूर द्या, म्हणजे क्षार खाली उतरतात. पानांवर पाणी नको, कडा करपतात.

मीटरभर रुंद, अर्धा फूट उंच गादीवाफा करा. चौरस मीटरला ५ किलो कुजलेलं शेणखत किंवा साखर कारखान्यातल्या मळीचं खत मिसळा. थोडीशी वाळू घालून काळी माती मोकळी होत नाही, तो नाद सोडा. वर तीन इंच उसाचं पाचट पसरा. ते आपल्याकडं मागाल तेवढं मिळतं. फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर बुडाशी कूज लागते.

सदाफुली, ऑफिस टाइम, गलांडा हमखास. झिनियाचं बी थेट वाफ्यात पाव इंच खोल पेरा, नंतर फुटावर एक रोप ठेवा. झेंडूची तयार रोपं लावा आणि तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडा. गुलाब या पाण्यावर नकोच.

कराडची_बाग: मोगऱ्याला कळी येते नव्या फुटीवर. छाटणी जानेवारीतच व्हायला हवी, पण अजून हरकत नाही. आठवडाभर पाणी तोडा, वाळक्या काड्या काढा, बाकीच्या तिसरा हिस्सा छाटा, उरलेली पानं ओरबाडा. बूड हलकं खणून घमेलंभर शेणखत आणि ५० ग्रॅम सुपर फॉस्फेट द्या, मग पाणी सुरू. युरिया देत असाल तर बंद करा, नुसता पाला माजतो.

मिरज_परसबाग: धन्यवाद. जिप्सम टाकू का? आणि जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच.

कृष्णाकाठ: जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम जास्त साठलेल्या जमिनीसाठी. माती-पाणी तपासल्याशिवाय टाकू नका. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, फवारणीपुरतं गोडं पाणी वापरा. दहा दिवसांनी पुन्हा.

कराडची_बाग: एक भर. एप्रिलमध्ये झेंडूच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि खालून जाळी दिसली तर तो लाल कोळी. आधी पानांच्या खालून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण पारा ३५ च्या वर असताना अजिबात नको, पानं भाजतात.