ईआर-फॅजी: पेशी बिघडलेलं खाते की जास्तीचं?

पेशीपुराण (धागाकर्ता):
"सोळा तास उपास करा, पेशी बिघडलेलं ईआर वेचून खाते, नोबेल मिळालंय याला." ही पोस्ट परवापासून फिरतेय. (ईआर म्हणजे पेशीतलं पडद्यांचं जाळं, जिथे प्रथिनं घडतात; पेशीनं ते खाणं म्हणजे ईआर-फॅजी.) ओसुमींना २०१६चं नोबेल यीस्टमधल्या ऑटोफॅजीच्या (पेशीनं स्वतःचेच भाग पचवण्याच्या) कामासाठी मिळालं, साबुदाण्यासाठी नव्हे. ते एकवेळ सोडा. डोकं फिरलं ते 'बिघडलेलं' वाचून. ईबीएसएसमधल्या, म्हणजे अमिनो आम्लं नसलेल्या क्षारद्रावात उपाशी ठेवलेल्या पेशीचं ईआर ठणठणीत असतं. अमिनो आम्लं संपली, एमटॉर (अन्न असताना ऑटोफॅजी रोखणारं प्रथिन) थंडावला, की टेक्स२६४सारखे रिसेप्टर (ईआरच्या पडद्यातली आकड्यासारखी प्रथिनं) चांगलंच ईआर ऑटोफॅगोसोमला (माल गुंडाळून लायसोसोम या पचनपिशवीत नेणाऱ्या पिशवीला) जुंपतात. १९७३ साली बोलेंडर आणि वायबेल यांनी फेनोबार्बिटलनं उंदरांच्या यकृतातलं गुळगुळीत ईआर फुगवलं. औषध थांबवल्यावर ते काही दिवसांत ओसरलं. त्यात बिघडलेलं काय होतं? लग्न लागलं, मांडव उतरवला. सेक६२ या रिसेप्टरचंही तेच: ताण संपल्यावर उरलेले शॅपरोन (प्रथिनांची घडी घालायला मदत करणारी प्रथिनं) आवरायचे.

पिपेटवाली:
पोस्ट फालतू आहे, मान्य. पण तिच्या रागात तुम्ही निम्मा विषय पुसलात. प्रोकोलॅजनची (कोलॅजनच्या कच्च्या रूपाची) तिपेडी दांडी सुमारे ३०० नॅनोमीटर लांब. चुकीची घडली तर ईआरएडीनं (बिघडलेली प्रथिनं ईआरबाहेर ओढून तोडणाऱ्या यंत्रणेनं) काढणार कशी? त्या वाटेनं जायचं तर साखळी उलगडून पडद्यातल्या अरुंद वाटेनं पी९७ या प्रथिनानं ओढायची असते. गुंता त्यातून जात नाही. मग कॅलनेक्झिन हे शॅपरोन प्रथिन आतून त्या प्रोकोलॅजनला धरतं, पडद्यात फॅम१३४बी या रिसेप्टरला चिकटतं आणि फॅम१३४बी बाहेरून एलआयआर या आपल्या छोट्या तुकड्यानं ऑटोफॅगोसोमवरचं एलसी३ पकडतो. फॅम१३४बीला स्वतःला ईआरच्या पोकळीत डोकावायला अंगच नाही, म्हणून मध्ये कॅलनेक्झिनची दलाली. याला निवड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पेशीपुराण:
निवड मालाची आहे. ईआर बिघडलेलं नाही, ईआरमधला माल बिघडलेला आहे. शब्द नीट वापरा.

पिपेटवाली:
वा! नासकं दूध पातेल्यासकट फेकलं, तर पातेलं चांगलं होतं म्हणून दूधही चांगलं ठरतं का?

लाल_ठिपका:
दोघांची हरकत नसेल तर विचारतो: उपासमारीत ईआर किती खाल्लं गेलं, हे मोजतात कशानं? निम्म्या चित्रांत जीएफपी-एमचेरी रिपोर्टरच्या (ईआरला हिरवी-लाल चमक देणाऱ्या प्रथिनाच्या; लायसोसोमच्या आम्लात हिरवं जीएफपी विझतं, लाल एमचेरी टिकतं) पेशी फॉर्मॅल्डिहाइडनं फिक्स केलेल्या असतात. फिक्स केलं की लायसोसोमची आम्लता जाते, न पचलेलं जीएफपी पुन्हा चमकतं आणि लाल ठिपका पिवळा होतो. जिवंत पेशी बघा. आणि शेवटचे दोन तास १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिनचा (लायसोसोमची आम्लता घालवणाऱ्या औषधाचा) कंट्रोल ठेवा.

पिपेटवाली:
शेवटचे दोन तास? १६ तासांच्या उपासमारीत जे जीएफपी पचून गेलं, ते बॅफिलोमायसिननं परत येणार आहे का? लाल ठिपके तसेच राहतील आणि तुम्ही म्हणाल, "कंट्रोल फसला." द्यायचं तर सुरुवातीपासून.

लाल_ठिपका:
सुरुवातीपासून दिलंत तर १६ तासांनी मोजायला पेशी उरतील का?

पिपेटवाली:
म्हणून उपासमार सहा तासांवर आणा, नाहीतर सरळ एफआयपी२०० (ऑटोफॅगोसोम बनायला लागणारं प्रथिन) नसलेली नॉकआउट लाइन वापरा. तिथे ठिपके दिसले तर ते ऑटोफॅजीचे नाहीत, विषय मिटला. आणि डॉक्सिसायक्लिन (रिपोर्टरचं जनुक चालू करणारं औषध) धुतलंत का ते आधी सांगा. रिपोर्टर चोवीस तास चालू करून बंद केला नाही, तर नवा पिवळा माल येतच राहतो आणि लाल प्रमाण खोटं कमी दिसतं.

काठावरचा:
यात थॅप्सिगार्जिन हे ईआरला ताण देणारं रसायन राहिलंच. त्यानं ईआरचं कॅल्शियम उतरलं की केडीईएल शेपटीची (ईआरमध्येच राहायची खूण असलेली) प्रथिनं पेशीबाहेर गळतात. पोकळीतला केडीईएल रिपोर्टर कमी झाला की लोक "ईआर खाल्लं!" म्हणून टाळ्या पिटतात, आणि माल असतो वरच्या माध्यमात. माध्यमाचा ब्लॉट (प्रथिन शोधायची चाचणी) करा. किंवा पडद्यात रुतलेला रॅम्प४ रिपोर्टर घ्या. ट्युनिकामायसिनची (प्रथिनांची घडी बिघडवणाऱ्या रसायनाची) गोष्ट वेगळी: पर्क हे ताण ओळखणारं प्रथिन भाषांतर (नवी प्रथिनं बनवणं) थोपवतं, रिपोर्टर बनतच नाही. तिथे एकूण उजेड नाही, ब्लॉटवर तुटून सुटलेल्या मुक्त एमचेरीचा पट्टा बघायचा.

लाल_ठिपका:
बरं, बॅफिलोमायसिनचं माझं चुकलं. आता सनई-चौघडे लावा.

पेशीपुराण:
धागा माझा, चर्चा ठिपक्यांची! असो. पिपेटवालीबाई, सीसीपीजी१ हा रिसेप्टर मात्र तुमच्या बाजूचा आहे, हे मी सांगायच्या आत तुम्हीच सांगाल. यूपीआर (ईआरवर ताण आला की पेशी देते ती प्रतिक्रिया) त्याचं जनुक वाढवतं, तो एलसी३ कुळाबरोबर एफआयपी२००लाही धरतो आणि तो कमी असलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडात ईआरच्या पोकळीत प्रथिनांचे गोळे साचतात. स्रावाचा डोंगर उपसणाऱ्या पेशीत 'बिघडलेलं' हा शब्द चालवून घेतो. उपास करणाऱ्याच्या यकृतात नाही.

पिपेटवाली:
चालवून घेता, उपकार झाले. यकृताचंच म्हणाल तर झेड अँटिट्रिप्सिनचे (यकृतातल्या एका प्रथिनाच्या बिघडलेल्या रूपाचे) पॉलिमर यकृतपेशीतच साचतात, आणि त्यांच्या विल्हेवाटीतही कॅलनेक्झिन-फॅम१३४बीची जोडी आहे. फक्त तिथे ऑटोफॅगोसोम गिळत नाही, ईआरचीच पुटिका (छोटी पिशवी) सुटून लायसोसोमला मिळते.

पेशीपुराण:
मग त्याला ऑटोफॅजी तरी का म्हणता?

काठावरचा:
नवा धागा काढा.