मदत हवी आहे: मँडोलिन वरच्या पडद्यांवर बेसूर, शनिवारी कार्यक्रम

रालीकर
पंच ब्रदर्स या अमेरिकन बँडच्या 'ऑल अशोर' अल्बमसोबत वाजवायला बसलो की माझं मँडोलिन जुळतच नाही. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर दिसतात, पहिले तीन-चार पडदेही ठीक. सातव्याच्या पुढे गेलो की सूर चढा. त्यातलं 'जंगल बर्ड' महिनाभर घोटतोय, शनिवारी मंडळात वाजवायचंय. जाणकारांनी लवकर सांगावं.

खर्जप्रेमी
ट्यूनर ४४० हर्ट्झवर (ए सुराचं नेहमीचं प्रमाण) आहे का? तारा कधीच्या आहेत?

रालीकर
४४० वरच आहे. तारांचा प्रश्न नाही, नव्याकोऱ्या आहेत.

मिरजेचा
जवारी काढून घ्या, म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) माथा घासून नाद सुधारून घ्या. माझी सतार अशीच रुसली होती. मिरजेत कारागिराने अर्ध्या दिवसात जवारी लावून दिली, तेव्हापासून गोड बोलते.

खर्जप्रेमी
अहो, मँडोलिनला जवारी कुठली? सतारीची घोडी रुंद असते, तार तिच्यावर घासत जाते. इथे तार खाचेतून जाते.

मिरजेचा
घोडी ती घोडीच. कारागिराला एकदा दाखवायला काय हरकत आहे?

जुनंतेसोनं
मुळात हे ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांचं लोकसंगीत, आहे का? त्याचे जनक बिल मन्रो ऐका. पंच ब्रदर्सना २०१९ मध्ये ग्रॅमी मिळालं तेही सर्वोत्कृष्ट फोक अल्बमचं, ब्लूग्रासचं नाही.

पाचवी_तार
वाद्यं तर तीच आहेत ना? मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार, डबल बास. ड्रम नाही, ठेका त्यांच्या ख्रिस थीलीच्या मँडोलिनच्या चॉपवर (तारा छेडून लगेच दाबलेला तुटक आघात) उभा राहतो. पुरस्काराच्या विभागावरून संगीताची जात ठरवू नका. आणि रालीकर, तुमच्याच राज्यातल्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या शेल्बीत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या नावाचं सेंटर आहे. बँजो आवडत असेल तर नक्की जाऊन या.

रालीकर
जाईन, पण शनिवारनंतर. सध्या कोणीतरी सुराचं बोला.

खर्जप्रेमी
नव्या तारा कशा चढवल्या? एकेक की आठही एकदम काढून?

रालीकर
एकदम. दांडी नीट पुसून घ्यायची होती.

खर्जप्रेमी
मग घोडी सरकली असणार. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर घोडी टेलपीसकडे (तारा अडकवतात त्या टोकाकडे) सरकवा. तारा थोड्या सैल करा, सगळ्या काढू नका. घोडी उभी राहू द्या, कलली तर खाली पॉलिशवर ओरखडा जातो. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून मगच तपासा.

सुरेलसखी
लेकीसाठी व्हायोलिन घ्यायचंय, आठ वर्षांची आहे. कोणतं माप घेऊ?

पाचवी_तार
हात मोजून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगते.

रालीकर
सापडलं! टॉर्च मारून पाहिलं तर पॉलिशवर घोडीच्या जुन्या जागेचा फिकट ठसा दिसतोय, आणि घोडी त्याच्या पुढे, दांडीच्या बाजूला, चांगली दोन मिलिमीटर. मागे नेली. जी, डी, ए या जोड्या जुळल्या. ई अजून किंचित चढी आहे.

खर्जप्रेमी
घोडी उलटी तर बसली नाही ना? तिची वरची धार प्रत्येक जोडीसाठी पुढे-मागे कातरलेली असते. फोटो टाका.

रालीकर
टाकला.

खर्जप्रेमी
सुलटी आहे. फक्त ईची बाजू केसभर मागे घ्या.

रालीकर
जमलं! बाराव्या पडद्यावर चारही जोड्या एक झाल्या. आता पुन्हा 'जंगल बर्ड' लावतोय.