मदत हवी आहे: ओटा, टाइल्स, ट्रॉल्या. सोमवारी मिस्त्री येतोय!

मीनल_पुणे
किचन पूर्ण उखडायचं ठरलंय. मिस्त्रीला सामानाची यादी आजच द्यायचीय. मला एकच हवंय, रात्री जेवणं झाली की दहा मिनिटांत पुसून होईल असं किचन. आठ वर्षं शेगडीमागच्या टाइल्सच्या फटी जुन्या टूथब्रशने घासतेय. ग्राउट पांढरं होतं, आता त्याला हळद-तेलाचा तपकिरी रंग आलाय आणि नखाने खरवडलं तर मेणासारखं निघतं. ओट्याला कुठला दगड, भिंतीला कुठल्या टाइल्स, ट्रॉल्या करू की नको? पटापट सांगा. "इंटिरियरवाल्याला विचारा" असं कृपया लिहू नका.

कोथरूडकर
किचन किती बाय किती? खिडकी कुठे? बजेट? फ्लॅट स्वतःचा का?

मीनल_पुणे
भाड्याचं कशाला उखडेन? एल आकाराचा ओटा, नेहमीसारखंच किचन आहे.

साधनाकाकू
ट्रॉल्या अजिबात करू नकोस गं. आमच्याकडे होत्या. रनरमध्ये पीठ आणि तेल मिळून काळा चिकटा बसायचा, सुरीच्या टोकाने काढावा लागे. झुरळांचं माहेरच ते. आता ओट्याखाली कडाप्प्याचे उघडे कप्पे आणि स्टीलचे डबे. दिवाळीला डबे बाहेर काढते आणि सरळ पाणी ओतून धुते.

पराग७९
काकू, उघड्या डब्यांवर फोडणीचा थर बसतो त्याचं काय? दोष ट्रॉलीचा नाही, तारेच्या बास्केटचा आणि हलक्या प्लायचा. सपाट तळाचे ३०४ स्टीलचे ड्रॉवर घ्या. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, निदान सिंकखाली तरी. आयएस ३०३ मधला एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा साधा प्लाय, तिथे फुगतोच.

साधनाकाकू
डबे मी घासायला टाकते. ड्रॉवर कोण काढून घासतं रे?

न्यूजर्सीकर
डिशवॉशरची जागा आत्ताच सोडा. आमचं अर्धं काम त्याने कमी झालं. ओट्याला क्वार्ट्झ घ्या, आमच्याकडे तोच आहे.

टाइलवाला
क्वार्ट्झमध्ये रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ असतो, शेगडीवरची कढई थेट ठेवली की डाग पडू शकतो. आपल्याकडे कुकर उतरवला की ओट्यावरच टेकवतात. ग्रॅनाइटच बरा.
ताई, तुमचं खरं दुखणं ग्राउट आहे. सिमेंटचं ग्राउट तेल पितं. ६०० बाय १२०० मिमीची गुळगुळीत टाइल घ्या आणि शेगडीमागे सांधा येणार नाही अशी मांडून घ्या. बाकी सांध्यांना एपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट. महाग आहे, पण तेल आत शिरत नाही. फक्त भरताना स्वतः समोर उभ्या राहा. टाइलवर सांडलेलं वेळेत पुसलं नाही तर थर धरतो आणि मग सहज निघत नाही. ओटा आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिलिकॉन.

कोथरूडकर
आणि ओटा काळाभोर ग्रॅनाइट, डोळे मिटून. आईच्या ओट्याला २५ वर्षं झाली.

टाइलवाला
थांबा. ताई, पाणी कुठलं येतं?

मीनल_पुणे
बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. त्याचा काय संबंध?

टाइलवाला
काळ्या पॉलिशवर प्रत्येक थेंब सुकला की पांढरा ठिपका राहतो. दहा मिनिटांत पुसून होणार नाही. करड्या-तपकिरी ठिपक्यांचा घ्या, क्षार उठून दिसत नाही. आणि काकू, कडाप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की तिथली चकाकी जाते.

रश्मी_ठाणे
तांब्याच्या भांड्यांना चिंच-मीठच लावता का सगळे? माझी काळी पडतात.

पराग७९
रश्मीताई, वेगळा धागा काढा ना. मीनल, चिमणीबद्दल काहीच लिहिलं नाहीये.

मीनल_पुणे
आहे, पण डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप नाही. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटी परवानगी देत नाही.

पराग७९
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! कार्बन फिल्टरची चिमणी हवा घरातच परत सोडते. वास थोडा कमी होतो, वाफ आणि तेलाचा बराच अंश आतच फिरतो. टाइल कुठलीही लावा, चिकटा येणारच. ड्राय बाल्कनी आहे का?

मीनल_पुणे
आहे. ओट्याच्या डाव्या टोकाला, मध्ये सरकती काच.

पराग७९
मग भिंतीला हात न लावता काचेच्या वरच्या पट्टीतून डक्ट काढा. बाल्कनी उघडी हवी, आणि वळण एकच ठेवा, जास्त वळणांनी ओढ कमी होते.

मीनल_पुणे
बाल्कनीला नुसती जाळी आहे, म्हणजे जमेल. मिस्त्रीला फोन केला: ठिपक्यांचा ग्रॅनाइट, मोठी टाइल, एपॉक्सी. काच कापणारा उद्या बघून जाईल. ट्रॉल्यांचं मात्र अजून ठरत नाहीये.

साधनाकाकू
सिंकखाली तरी उघडं ठेव. पाइप गळला तर दिसेल.

पराग७९
तेवढं मान्य.