हापूसची थेट विक्री: ५००० रुपयांत फेसबुक, इन्स्टा की व्हॉट्सॲप?

कातळकन्या
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आजवर माल वाशीला दलालाकडे जायचा आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) येईपर्यंत भाव काय मिळाला ते कळायचं नाही. यंदा निम्मा माल पुण्या-मुंबईच्या घरांत थेट द्यायचा विचार आहे. यजमान बागेत असतात, त्यामुळे फोन, हिशेब, पॅकिंग माझ्याकडे. सोशल मीडियासाठी अख्ख्या हंगामाचं बजेट ५००० रुपये. काय धरू? आणि दर उघड लिहावा की विचारेल त्याला सांगावा? स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा.

उद्योगवर्धन
ताई, आधी वेबसाइट काढा. माझा फर्निचरचा व्यवसाय आहे. एजन्सी महिन्याला २५ हजार घेते, पण फोटो, व्हिडिओ, ड्रोन सगळं त्यांचं. शोरूमला येणारं निम्मं गिऱ्हाईक साइट बघून येतं. ५ हजारांत ब्रँड उभा राहत नाही, लाखभर तरी बाजूला काढा.

मीरा_साडीघर
रील्स, रील्स आणि रील्स! दुकानात साडी उलगडताना मी स्वतः बोलते, तेवढ्यावर नागपूरहून ऑर्डर येतात. तुम्ही बागेत उभ्या राहून मालवणीत बोला. फक्त बिझनेस अकाउंटला सिनेमाची बरीच गाणी वापरता येत नाहीत, हक्कांमुळे आवाज बंद होतो. ॲपमधलं मोफत संगीत घ्या नाहीतर बागेतलाच आवाज राहू द्या.

कोथरूडचा_खवय्या
मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. फेसबुकवर 'अस्सल देवगड' वाचून आगाऊ पैसे भरून दोन पेट्या मागवल्या. खोक्यावर देवगड, आत कर्नाटकचा आंबा. तक्रारीला फोन केला तर नंबर बंद. त्या पेजवर गावाचं नाव नव्हतं, माणसाचा चेहरा नव्हता, खालच्या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. तेव्हापासून ओळखीशिवाय पेटी घेत नाही. गाव, बाग आणि चालू नंबर पहिल्या ओळीत लिहा.

रत्नांग्रीकर
अस्सल म्हणजे देवगडच, हे कोणी ठरवलं? पावसचा आंबा खाऊन बघा एकदा.

बापू_जामसंडे
खाल्लाय. साल जाड. देवगडच्या कातळावरची चव वेगळीच.

निशिगंधा
दोघांनाही: २०१८ साली हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. कातळकन्या, पोस्टवर किंवा खोक्यावर जीआयचा शिक्का टाकणार असाल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

घरगुती_मसालेवाली
बजेट वाचलंत का कोणी? कातळकन्या, व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, तिथून सुरुवात करा. कॅटलॉगमध्ये एक डझन, दोन डझन, पाच डझनची पेटी असं वेगवेगळं टाका. प्रत्येक चॅटला लेबल लावा: 'पैसे आले', 'पाठवलं', 'पोचलं'. गर्दीच्या दिवसांत याच लेबलांनी मला तारलंय. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून पहिल्या ऑर्डरलाच नंबर सेव्ह करायला सांगा. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घालू नका. लोक चिडतात, रिपोर्ट करतात आणि नंबर बंद पडू शकतो. हंगामात नंबर गेला तर सगळंच गेलं.

जाहिरात_जमाखर्च
५००० जाहिरातीत घालणार असाल तर १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करा. पोस्टखालचं 'बूस्ट' (पैसे भरून पोस्ट पसरवायचं बटण) घाईत दाबू नका. फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन तुमची गाडी पोचते तेवढीच शहरं निवडा आणि जाहिरातीवरून थेट व्हॉट्सॲप चॅट उघडेल असं ठेवा. माझ्या भावाची जाहिरात सगळ्या राज्यात फिरली. लाइक ढीगभर, ऑर्डर एक नाही.

अनय_डोंबिवली
वेबसाइट काढाच. वर सांगितलंय कोणीतरी, पण परत सांगतो.

वेंगुर्ल्याची_सून
आम्ही गेली काही वर्षं असाच आंबा विकतो. तुमचा खरा कस विक्रीनंतर लागणार आहे, आणि तो साक्यामुळे. साका बाहेरून दिसत नाही. फळ पिवळंधमक, वास सुरेख आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर. शहरातल्या माणसाला वाटतं आपल्याला फसवलं, आणि तो फोटो थेट तुमच्या पेजवर टाकतो.

अशी कमेंट काढून टाकू नका. काढली की तोच माणूस चार ग्रुपांत लिहितो. तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच दिवशी उत्तर द्या: 'दादा, हा साका आहे, फळाचा दोष आहे, बदली देतो. पेटीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.' पुढचं बोलणं खाजगीत. पहिल्यांदा असं उत्तर दिलं तेव्हा सासरे म्हणाले, चारचौघांत दोष का कबूल करतेस? पण त्याच कमेंटखाली दुसऱ्या बाईंनी पेटी सांगितली. बदलीचा नियम ऑर्डर घेतानाच लिहून पाठवा: पेटी पोचल्यावर किती दिवसांत कळवायचं, फोटो हवा, फळाला फळ की पैसे परत.

आणि पेटी अर्धी कच्ची पाठवत असाल तर आढी कशी लावायची (म्हणजे आंबे पिकायला पेंढ्यात कसे रचायचे), पेंढ्यात किती दिवस ठेवायचा, फ्रीजमध्ये कधी ठेवायचा, याचा मिनिटभराचा व्हिडिओ प्रत्येकाला पाठवा. आमच्या बऱ्याच तक्रारी 'आंबा आंबट आहे' अशा असायच्या, आणि फळ पिकायच्या आधीच कापलेलं असायचं.

मीरा_साडीघर
तोच व्हिडिओ रील म्हणून टाका ना!

संध्याछाया
व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा. 'तुमचं पेज बंद होणार, इथे क्लिक करा' असल्या मेसेजवर कधीही जाऊ नका, आमच्या ओळखीतल्या एका बेकरीचं पेज असंच गेलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

उद्योगवर्धन
दर उघड लिहू नका. मार्चला एक दर, मेमध्ये दुसरा, मग मार्चवाला भांडतो. इनबॉक्समध्येच सांगा.

जाहिरात_जमाखर्च
सहमत. शेजारचा बागायतदारही दर बघून पन्नास रुपये खाली उतरतो.

कोथरूडचा_खवय्या
'दर इनबॉक्समध्ये' दिसलं की मी तरी पुढे जातो, पण विक्रेत्यांचंही बरोबर असेल.

कातळकन्या
सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांशी बोलून ठरवलं. वेबसाइट नाही, जाहिरात नाही, रील्सही नाहीत. तोडणीच्या दिवसांत कॅमेऱ्यापुढे उभं राहायला मला वेळ होणार नाही आणि अर्धवट केलेलं मला आवडत नाही. फेसबुक पेजवर गाव, बाग, आम्हा दोघांचा फोटो आणि नंबर. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. दर मात्र मी उघड लिहिणार, दर रविवारी त्या आठवड्याचा, तारीख घालून. दलालाकडे भाव कळत नाही म्हणून आम्ही बाहेर पडतोय, मग तोच अंधार गिऱ्हाइकाला कसा देऊ? ५००० रुपयांत पेटीत घालायचं कार्ड छापते: एका बाजूला आढी कशी लावायची, दुसऱ्या बाजूला बदलीचा नियम आणि चॅटचा क्यूआर. वेंगुर्ल्याच्या ताई, तुमचे शब्द तसेच वापरू का?

वेंगुर्ल्याची_सून
खुशाल वापरा. कार्ड लॅमिनेट करून घ्या, पेंढ्यात ओलं होतं.

उद्योगवर्धन
दराचं चुकतंय ताई, एप्रिल संपताना कळेल.

रत्नांग्रीकर
साल जाड म्हणणाऱ्यांनी पत्ता द्यावा, मी पेटी पाठवतो.