टॅब मिळाले, पण तास?
कंपनीने शाळेला टॅबसारखी उपकरणं फुकट दिली की निम्मं काम झालं, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. १९८५ मध्ये ॲपलने अमेरिकेतल्या काही शाळांबरोबर ‘क्लासरूम्स ऑफ टुमॉरो’ हा प्रयोग सुरू केला. विद्यार्थी आणि शिक्षकांना दोन-दोन संगणक, एक वर्गात, एक घरी. तरी सुरुवातीला शिक्षक जुन्याच पद्धतीने शिकवत राहिले, बदल हळूहळू आला.

आमच्या वर्गात टॅब आले तेव्हा ३५ मिनिटांच्या तासातली १० मिनिटं पासवर्डमध्येच जायची. मागच्या बाकावरची एक मुलगी टॅब पालथा घालून सरळ वहीत गणितं सोडवायला लागली. कंपनीचा माणूस उगवला तो तीन महिन्यांनी, तोही फोटो काढायला. म्हणून सांगतो, त्यांचा अभियंता पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक पूर्ण तास वर्गात बसेल, हे शाळेने कंपनीशी केलेल्या करारातच लिहून घ्या.