जनुकीय चाचण्यांचं प्रशिक्षण: आरोग्यसेविकांना नेमकं काय शिकवायचं? सल्ला हवा

रानजाई:
नमस्कार मंडळी. परिचारिका, आरोग्यसेविका आणि काही वैद्यकीय अधिकारी अशा मिश्र गटासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आखायचं माझ्याकडे आलंय. विषय जनुकीय चाचण्या. जुना आराखडा हाताशी आहे. त्यात डीएनएची रचना, मेंडेलचे वाटाणे, सिक्वेन्सिंगच्या (डीएनएचा क्रम वाचण्याच्या) पद्धती आणि शेवटी पाऊण तास 'समुपदेशन'.

मला हा क्रम पटत नाही. यातलं कुणीही सिक्वेन्सिंग करणार नाही. पण लोक यांच्याकडेच येतात, रिपोर्ट घेऊन किंवा "बहिणीला कॅन्सर झाला, मी टेस्ट करू का?" असं विचारत. तेव्हा काय बोलायचं हे त्यांना यायला हवं. सुरुवात कुठून करावी? काय गाळावं? आणि धोका आकड्यांत कसा समजावायचा, यावर कुणाचा अनुभव असेल तर आवर्जून लिहा.

उंबरठा:
जनुकीय समुपदेशनात काम करते, म्हणून सविस्तर लिहितेय.

डीएनएची रचना अर्ध्या तासात उरका. पहिला अख्खा सकाळचा वेळ वंशावळीला द्या. तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर आकृती भरायची. खर्च कागद-पेन्सिलीचा, आणि चाचणी कुणाला लागेल हे बहुतेक वेळा इथेच कळतं. आजार कोणता एवढं विचारून थांबू नये, तो कितव्या वर्षी कळला हेही विचारायला शिकवा. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कुठल्याही वयात अंडाशयाचा, पुरुषाला स्तनाचा, एकाच घरात कमी वयात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा, ऐन तारुण्यात हार्ट अटॅक. एवढ्या खुणा पाठ झाल्या तरी पुष्कळ.

वडिलांची बाजू सर्रास राहून जाते. स्तनाचा कॅन्सर म्हटलं की आई, मावशी, आजी विचारतात आणि थांबतात. बीआरसीए (ज्यातल्या बदलाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो ते जनुक) यातला बदल वडिलांकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. वडील ठणठणीत असतात, म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांच्याबद्दल कुणी विचारतच नाही.

आणखी एक. चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी. घरात फिरणारा बदल कोणता हे ठाऊक नसताना निरोगी बहिणीची चाचणी निगेटिव्ह आली, तर त्यातून फारसं काही कळत नाही. तो बदल एकदा सापडला की नातेवाइकांना तेवढाच तपासून घेता येतो, आणि मग निगेटिव्हला खरा अर्थ येतो. तुमच्या त्या "बहिणीला झाला, मी करू का?" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे: आधी बहिणीची.

सूक्ष्मदर्शी:
उंबरठाताईंशी सहमत. प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर. 'जनुकीय चाचणी' या एका नावाखाली लोक सगळंच घालतात. क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी कार्ट्रिजची चाचणी जंतूबद्दल सांगते, माणसाच्या आनुवंशिकतेबद्दल नाही. गाठीच्या तुकड्यावर केलेली चाचणी बहुधा औषध निवडायला असते. त्यात दिसलेला बदल मुलांकडे जाईलच असं नाही, बरेचदा तो फक्त गाठीतच असतो. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ती तपासणी तर मुळात बरीचशी रासायनिक आहे. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकीटोन्यूरिया या चयापचयाच्या आनुवंशिक आजारासाठी ती रुळवली, तेव्हा त्यात जनुक वाचणं नव्हतंच. हा गोंधळ पहिल्या तासातच निस्तरा, नाहीतर दोन्ही दिवस तोच पुरेल.

टोकदार:
स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ज्यांना रक्तदाब मोजायलाही निवांत वेळ मिळत नाही, त्यांच्या डोक्यावर हे कशाला? फॅशन वाटते मला ही.

सूक्ष्मदर्शी:
@टोकदार, शंका रास्त आहे. प्रशिक्षणातही ती मांडावी असं मला वाटतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने भक्कम पुरावा असलेल्या वापरांची वेगळी वर्गवारी केली, त्यात ठळक नावं तीनच: आनुवंशिक स्तन व अंडाशय कॅन्सर, लिंच सिंड्रोम (मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरची आनुवंशिक प्रवृत्ती) आणि फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया (आनुवंशिकतेने वाढलेलं कोलेस्टेरॉल). यातला शेवटचा सुमारे अडीचशे माणसांत एकाला असतो. साध्या कोलेस्टेरॉल तपासणीत संशय येतो, स्टॅटिन या औषधांनी हार्ट अटॅकचा धोका बराच कमी होतो, आणि एक रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांत आणि मुलांत प्रत्येकी निम्मी शक्यता. म्हणजे तुमचा रक्तदाब मोजणाराच इथे कामाला येतो.

बाकी झगमगाटाला चाळणी लावायची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली मांडलेले निकष आजही चालतात. आजार महत्त्वाचा आहे का, लवकर कळून फायदा होतो का, उपचार हाताशी आहेत का, लोकांना चाचणी पटते का. यातल्या कुठल्याही प्रश्नाला अडलं की चाचणी बाजूला ठेवा.

टोकदार:
ठीक. अडीचशेत एक हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यापुरतं मागे घेतो, 'फॅशन' मात्र अजून पूर्ण मागे घेतलेलं नाही.

पाऊलवाट:
मी परिचारिका. बोलायचं कसं, यावर लिहिते, कारण प्रशिक्षणात नेमकं तेच उडवलं जातं.

टक्केवारी बोलू नका, माणसं मोजून सांगा. "बीआरसीएत असा बदल असलेल्या शंभर बायकांपैकी साठाहून जास्त जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो, बाकीच्यांना होत नाही." दोन्ही बाजू एकाच वाक्यात. नुसतं "धोका पाचपट" म्हटलं की बाई घरी जाऊन "मला कॅन्सर होणार" असं सांगते.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं गणित तर प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्या. दोघंही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, स्वतः आजारी नसलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. प्रत्येक. "पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप" असं सुशिक्षित जोडपीही समजतात. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे जोडप्याला एकत्र बसवून सांगा. एकट्या बाईला सांगितलं की घरी दोष तिच्या एकटीवर येतो. आजार उतरायला दोघं लागतात, हे नवऱ्याच्या कानावर तुमच्याच तोंडून जाऊ दे.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी काही राज्यांनी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक धड सांगितला गेला नाही आणि धडधाकट वाहकांना नोकरीत, विम्यात नाकारलं गेलं. १९७२च्या केंद्रीय कायद्याला मग तपासणी ऐच्छिक हवी असं म्हणावं लागलं. हा प्रसंग गटचर्चेला द्या, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

सूक्ष्मदर्शी:
रिपोर्ट वाचण्याबद्दल. हे गणित फळ्यावर करून घ्या: आजार दहा हजारांत एकाला. लाखभर बाळं तपासली, म्हणजे खरी आजारी दहा. समजा चाचणी ती दहाही पकडते आणि निरोगी हजारांत फक्त एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. ती झाली सुमारे शंभर. आईवडिलांना फोन गेले एकशे दहा, आजारी बाळं दहा. चाचणी वाईट नाही, पण दुसरी खात्रीची चाचणी होईपर्यंत "तुमच्या बाळाला आजार आहे" असं कुणी म्हणू नये. गरोदरपणी आईच्या रक्तातून करतात त्या डीएनए चाचणीलाही हेच लागू. तीही चाळणीच, निदान नव्हे.

दुसरं, 'व्हीयूएस'. जनुकात बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. त्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया, औषध, नातेवाइकांची तपासणी यातलं काही ठरवायचं नसतं. असे बरेच बदल पुढे निरुपद्रवीच ठरतात. निर्णय वंशावळीवर घ्यायचा आणि रिपोर्ट जपून ठेवायचा.

तिसरं, घरबसल्या थुंकी पाठवून करायच्या चाचण्या. औषधं आणि चाचण्यांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली अशा एका चाचणीला परवानगी दिली, ती बीआरसीए जनुकांतले तीनच बदल बघत होती. माहीत असलेले हजाराहून जास्त. असा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन कुणी निर्धास्त आलं तर पुन्हा वंशावळीपाशी यायचं.

उंबरठा:
संमतीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. सही घेणं म्हणजे संमती नव्हे. चाचणीआधी सांगायला हवं की यातून न विचारलेलंही बाहेर येऊ शकतं, अगदी वडील जैविक नाहीत हेसुद्धा. उत्तर नातेवाइकांनाही लागू असेल, पण त्यांना सांगायचं की नाही हे ठरवणार रुग्ण. आपण परस्पर फोन करायचा नाही. मोठेपणीच होणाऱ्या आणि लहानपणी काही करता न येणाऱ्या आजारासाठी मुलांची चाचणी करायची नाही. हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार हे नेहमीचं उदाहरण. ते मूल मोठं होऊन स्वतः ठरवेल.

विम्याचा प्रश्न येतोच. आपल्याकडचा कायदा बघूनच बोला. अमेरिकेतला जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा २००८चा 'जिना' कायदाही आरोग्य विमा आणि नोकरीपुरताच आहे, आयुर्विम्याला तो लागू नाही. "काही होत नाही हो" असं आश्वासन तोंडातून जाऊ देऊ नका.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. आराखडा उलटा केला. पहिली सकाळ वंशावळीला, ती सहभागींनी स्वतःच्या घराची न काढता काल्पनिक घराची काढायची (कुणाचं खाजगी वर्गात उघडं पडायला नको). दुपारी चाचण्यांचे प्रकार आणि फळ्यावरचं गणित. दुसरा दिवस जवळपास सगळा जोडीजोडीने बोलण्याच्या सरावाला, संमती त्यातच. मेंडेल गेले. शेवटचा प्रश्न: शिकले की नाही हे कसं मोजू? आधी-नंतरची प्रश्नपत्रिका आहेच.

उंबरठा:
प्रश्नपत्रिकेत सगळे पास होतात. काही महिन्यांनी त्यांनी पुढे पाठवलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या मागवा. सोबत वंशावळ आहे का, निदानाची वयं लिहिलीत का, पाठवायला हवं होतं त्यांनाच पाठवलंय का, ते बघा. अर्थात त्यासाठी पाठवायचं कुणाकडे हे आधी ठरलेलं हवं. समुपदेशक कोण, नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट किती दिवसांत येतो, तो समजावून कोण सांगतं.

टोकदार:
हेच लिहायला आलो होतो. ती यादी हातात नसेल तर प्रशिक्षणाची तारीख पुढे ढकला.

रानजाई:
यादी अर्धी झालीय, समुपदेशकाची जागा रिकामी आहे. फोनवर किंवा व्हिडिओवर समुपदेशन कुणी चालवलं असेल तर त्याबद्दल लिहा, प्लीज.