सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त? पुतण्याच्या बाइकवरून पडलेला प्रश्न

खाडीकाठ, ठाणे
पुतण्या कासारवडवलीला राहतो, नोकरी ऐरोलीला. माजिवडा, कळवा पूल, विटावा असा रोजचा रस्ता. गाडी केटीएमची ड्यूक २००, सात वर्षं जुनी. परवा म्हणाला, "काका, गाडीत दम राहिला नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतो. दीडशे सीसी जास्त, ताकद आपोआप वाढेल." शोरूममध्येही त्याला हेच सांगितलं म्हणे.

क्लासिक आवडते म्हणून घेत असेल तर खुशाल घ्यावी. पण ताकद वाढेल म्हणून घेत असेल तर त्याची फसगत होणार, असं माझं मत आहे. क्लासिक ३४९ सीसी, ताकद २०.२ बीएचपी, म्हणजे हॉर्सपॉवर. ड्यूक १९९.५ सीसी, ताकद २५ पीएस (हॉर्सपॉवरचंच दुसरं माप), म्हणजे साधारण २४.७ बीएचपी.

सीसी हे नुसतं भांड्याचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या जागेचं, माप आहे. भांडं दर वेळी किती भरतं, मिनिटाला किती वेळा भरतं आणि आतलं मिश्रण किती दाबून पेटवलं जातं, यावर ताकद ठरते. या दोन्ही गाड्यांचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, अगदी एकच आहे, ७२ मिमी. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेचा. क्लासिकचा ८५.८ मिमी, ड्यूकचा ४९. क्लासिक पूर्ण ताकद ६१०० आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्या) देते, ड्यूक १०,००० ला. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं. हिशेब केला तर क्लासिकच्या वाट्याला मिनिटाला १०६४ लिटर येतात आणि ड्यूकच्या ९९८. म्हणजे दीडशे सीसीचा फरक आरपीएमने जवळजवळ पुसून टाकला. वर ड्यूकला हवा आत-बाहेर सोडणारे चार व्हॉल्व्ह, क्लासिकला दोन. क्लासिकचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, ९.५, ड्यूकचं ११ च्या वर. तेवढ्याच हवेतून ड्यूक जास्त ताकद काढते ती इथे.

तीनहातनाका
आकडे बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. १०,००० आरपीएम घोडबंदर रोडवर कोण आणि कुठे लावणार? संध्याकाळी सातला कापूरबावडीला या आणि मीटर बघा. सगळा प्रवास तीन ते चार हजारांत होतो.

क्लासिक ४००० ला २७ एनएम टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते, म्हणजे तिथे १५ बीएचपी हातात आहेत. ड्यूकचा कमाल टॉर्क १९ च्या आसपास, तोही ८००० ला. तो सगळाच्या सगळा ४००० लाच मिळतो असं धरलं, तरी ११ बीएचपीच्या वर जात नाही. मग रोजच्या वापरात ताकद कोणाची जास्त? मी अकरा वर्षं ३५० चालवतोय. बायको मागे, पुढे टाकीवर भाजीची पिशवी, पारसिकच्या चढाला तिसऱ्यातून दुसरा टाकावा लागत नाही. सीसीला किंमत आहे ती याचसाठी.

खाडीकाठ, ठाणे
४००० चा हिशेब बिनतोड आहे, मानलं. पण ड्यूकवाल्याने एक गिअर खाली टाकला की तो ४००० वर राहतच नाही, सहा-सात हजारांवर जातो. गिअरबॉक्स त्यासाठीच असतो. शिवाय गाडी पस्तीसेक किलो हलकी.

तीनहातनाका
दर सिग्नलला गिअर खालीवर करत बसायचं आणि इंजिन किंचाळत ठेवायचं, यात आयुष्य किती टिकणार त्या इंजिनाचं?

खाडीकाठ, ठाणे
किंचाळणं कानाला वाटतं, पिस्टनला नाही. पूर्ण ताकदीच्या आरपीएमला क्लासिकचा पिस्टन सरासरी सेकंदाला १७.४ मीटर धावतो, ड्यूकचा १६.३. लांब स्ट्रोकमुळे तुमचाच पिस्टन जास्त पळतोय.

रबाळे एमआयडीसी
मी इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, म्हणून मध्ये बोलतो. खाडीकाठ, सरासरी वेगावर थांबू नका. पिस्टन वर-खाली थांबतो आणि उलटा फिरतो तेव्हाचा झटका स्ट्रोक गुणिले आरपीएमचा वर्ग या हिशेबाने जातो. तो काढला तर ड्यूकचा दीडपट येतो. पिस्टन हलका ठेवून, साहित्य चांगलं वापरून तो पेलता येतो, पण फुकट नाही. आखूड स्ट्रोकचं इंजिन महाग पडतं त्याचं हे एक कारण.

मूळ मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने. रॉयल एनफिल्डचीच जुनी हिमालयन ४११ सीसी, २४.३ बीएचपी. नंतरची ४५२ सीसी, ४० पीएस. कंपनी तीच, वाढले फक्त ४१ सीसी. एवढी उडी सीसीने मारलेली नाही. पाण्याचं कूलिंग, चार व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आणि जास्त आरपीएम, यांनी मारली. मोटारींमध्येही तेच. मारुती फ्रॉन्क्सचं ९९८ सीसी टर्बो इंजिन १०० पीएस देतं, त्याच गाडीचं ११९७ सीसीचं साधं इंजिन ९० च्या खाली राहतं. टर्बो लहान भांड्यातच हवा कोंबतो.

कळंबोली ट्रान्सपोर्ट
आमच्याकडे सीसी कोणी विचारत नाही. टाटा २५१८ ट्रक म्हटलं की २५ टन आणि १८० एचपी, ताकद नावातच आली. त्या १८० साठी इंजिन मात्र सहा लिटरच्या जवळचं. तेवढी ताकद आज दोन लिटरच्या मोटारीतही मिळते, पण ती मोटार बोरघाटात २५ टन घेऊन जाणार आहे का? ट्रकला २५०० आरपीएमच्या आत सगळं द्यायचं असतं, तेही लाखो किलोमीटर. तीनहातनाका म्हणतात त्यात तथ्य आहे. मोठं इंजिन निवांत राहतं.

नेरूळ पूर्व
लोक सीसीला ताकद समजतात त्याला करपद्धतीही जबाबदार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के जीएसटी, ३५० च्या वरच्या दुचाकीला ४० टक्के. ३४९ सीसीची २० बीएचपीवाली एका रांगेत, ३७३ सीसीची ४३ वाली दुसऱ्या रांगेत. एचपीवर कर असता तर लोकांनी एचपीच पाठ केली असती. मला हे अन्यायाचं वाटतं.

रबाळे एमआयडीसी
सीसी बोअर-स्ट्रोक मोजून कोणालाही पडताळता येते. एचपी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, मोजावी लागते आणि ट्यूनिंग बदललं की बदलते. करासाठी सीसी सोयीची, एवढंच.

वागळे गॅरेज
पुतण्याचं कोणीच बघितलं नाही. "दम राहिला नाही" म्हणतोय, म्हणजे आधी होता. सात वर्षांची गाडी, रोज घोडबंदर रोड, मेट्रोच्या कामाची धूळ. एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला? टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कधी तपासले? व्हॉल्व्हची फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. मग २५ पीएस कंपनीच्या कागदावरच. नवीन गाडी नंतर घ्या, आधी कॉम्प्रेशन बघून घ्या.

खाडीकाठ, ठाणे
वागळे गॅरेज, तुमचं ऐकून रविवारी गाडी उघडली. फिल्टर बाहेर काढला तर घड्यांमध्ये राखाडी धूळ गच्च बसलेली, वर तेलकट थर. उजेडासमोर धरला, पलीकडचं काही दिसेना. जमिनीवर आपटला तर फरशीवर चिमूटभर सिमेंटसारखी भुकटी पडली. एक्झॉस्टच्या बाजूचा एक टॅपेटही घट्ट निघाला. फिल्टर बदलला, शिम (फट ठरवणारी पातळ चकती) बदलून फट नीट केली. पुतण्या गायमुखपर्यंत जाऊन आला आणि हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला, "काका, ही माझी जुनी गाडी आहे."

तीनहातनाका
आनंद आहे. तरी एकदा मागे कोणाला तरी बसवून पारसिकला माझी ३५० चालवून बघ म्हणावं. किल्ली मी देतो.

खाडीकाठ, ठाणे
शनिवारी सकाळी सातला पाठवतो. मागे मीच बसेन.